मालकाचं उत्तर : ‘चकाकणारं बनावट नाणं’ या अभिप्रायाला

नमस्कार ताई,

आमच्याकडून घेतलेलं जुनं रोमन नाणं पाहून आपला हिरमोड झाला, क्षमस्व. पण ‘लंडनच्या मराठी दुकानदाराने चकाकणारं बनावट नाणं गळ्यात मारलं’ हे आता आमच्या पानावर सगळ्यात वर दिसतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडून निघालं तेव्हा नाणं चकाकत नव्हतं. विक्रीच्या पानावरचे फोटो अजून तिथेच आहेत: गडद तपकिरी, कडेला हिरवट. आपल्या फोटोत तेच नाणं गुलाबी-तांबूस दिसतंय, आणि ‘चिंच-मीठ लावून घासलं, तेव्हा खरा रंग बाहेर आला’ असं आपणच लिहिलंय. ताई, तो मळ नव्हता. जवळजवळ १७०० वर्षांत ब्राँझमधल्या तांब्यावर धरलेला थर होता, आम्ही त्याला पॅटिना म्हणतो. चिंचेचं आम्ल तो खाऊन टाकतं. देवाचा तांब्या घासला की उजळतो. जुनं नाणं घासलं की त्याची किंमत जाते. थर पुन्हा चढवता येत नाही, त्यामुळे आपले २५ पाउंड परत देणं मला खरंच शक्य नाही.

खोटं वाटत असेल तर आजही भिंग धरून पाहा. पुढच्या बाजूला मुकुटपट्टा बांधलेला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन. ‘चेहरा कुणाचाही वाटतो’ म्हणता, तर नाण्यावर सम्राट दिसायचा तो दरबाराला हवा तसा. फोटो स्टुडिओ नव्हता तो. मागे ‘दोन बाहुल्या’ नाहीत, भाला-ढाल घेतलेले सैनिक आहेत. भोवती ‘ग्लोरिया एक्झर्सिटुस’, सैन्याचा गौरव. ज्यांच्या जोरावर गादी टिकायची त्यांनाच खूश ठेवणारं चित्र! सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज आहेत, म्हणून नाणं साधारण इ.स. ३३० ते ३३५ मधलं. नंतर ध्वज एकच राहिला आणि नाणं आणखी बारीक झालं, तेव्हा ‘शर्टाच्या बटणाएवढं’ ही तक्रार माझ्याकडे नको. माप वर्णनात दिलं होतं. आणि ‘लंडनच्या दुकानात ट्रियरचं नाणं का?’ तर ट्रियर म्हणजे आजच्या जर्मनीतलं शहर, तिथे रोमन टांकसाळ होती; लंडनची टांकसाळ ३२५ मध्येच बंद झाली. त्याला मी काय करू?

आम्ही नवरा-बायको दोघंच हे दुकान चालवतो. यापुढे पाकिटात निगेबद्दल चिठ्ठी वगैरे घालायचं बघतो, पुढच्या खरेदीत आपल्यासाठी काही कमी-जास्तही करू. स्टार एकच राहू द्या हवं तर, पण ‘बनावट’ एवढा शब्द काढलात तर उपकार होतील.