‘कोणताही पदवीधर चालेल’ हे खोटे आहे

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला अकरा जणांनी पाठवला. बी.एड.च्या जुन्या बॅचेसच्या ग्रुपवर आला, टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) अभ्यासाच्या ग्रुपवर आला, एकदा तर माझ्या चुलत दिरांनी ‘वहिनी, तुमच्या मुलांना सांगा’ म्हणून पाठवला. मजकूर थोडक्यात असा: परदेशातल्या सरकारी शाळांना हजारो इंग्रजी शिक्षक हवे आहेत. जपान, कोरिया, थायलंड, इंग्लंड. कोणताही पदवीधर चालेल, बी.एड. नको, अनुभव नको. १२० तासांचा ऑनलाइन कोर्स केला की झाले. पगार महिना अडीच लाख, राहणे मोफत. नोंदणी फी १५,००० रुपये, व्हिसाचे आम्ही बघतो. जागा मर्यादित.

मी अठरा वर्षे बी.एड.ला इंग्रजीची अध्यापन पद्धती शिकवते आहे. हा मेसेज कोणाच्या हातात पडतो ते मला पक्के ठाऊक आहे. शिक्षणसेवक म्हणून लागले तरी प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० मानधन, तेही २०२३ साली वाढवल्यानंतरचे. नाही लागले तर विनाअनुदानित शाळा, नाहीतर तासिका तत्त्वावर. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची यादी कधी लागते याकडे डोळे लावून बसलेल्या मुलीला ‘अडीच लाख’ वाचून रात्रभर झोप येत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी जे खरे आहे ते. आपले शिक्षक परदेशातल्या सरकारी शाळांत शिकवतात, हे खरेच आहे आणि जुने आहे. इथिओपियात सम्राट हैले सेलासींच्या काळापासून भारतीय शिक्षक होते. भूतानच्या शाळा उभ्या राहिल्या त्यात आपल्याकडून गेलेल्या शिक्षकांचा मोठा हात आहे. मालदीवच्या बेटांवर आजही भारतीय शिक्षक आहेत. जपान सरकारची ‘जेट’ योजना १९८७ पासून चालू आहे आणि तिच्यातून दरवर्षी परदेशी तरुण तिथल्या शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून जातात. तेव्हा नोकऱ्याच नाहीत असे मी म्हणत नाही. त्या कोणाला मिळतात हे मेसेजात चुकीचे सांगितले आहे, आणि ज्याचे नुकसान होते ते तिथेच होते.

‘कोणताही पदवीधर चालेल.’ कोरियापासून सुरुवात करू. तिथल्या सरकारी शाळांसाठी इंग्रजी शिक्षक भरण्याची ‘एपिक’ ही योजना १९९५ पासून आहे. तिच्या पात्रतेत सात देशांची नावे आहेत: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. पदवी कुठली, गुण किती, हे प्रश्न नंतर येतात, पहिला प्रश्न पासपोर्टचा. आता एक बारीक गोष्ट आहे, ती मुद्दाम सांगते. भारत आणि कोरिया यांच्यात जो व्यापक आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीय नागरिकांना कोरियन शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून व्हिसा मिळण्याची वाट ठेवलेली आहे. पण कोणाला? ज्याच्याकडे इंग्रजी विषयातली पदवी आहे आणि शिवाय शिक्षकी पेशाचे अधिकृत प्रमाणपत्र आहे, त्याला. म्हणजे मेसेजात ‘नको’ म्हणून खोडलेले बी.एड. हीच नेमकी तिथली अट. आणि ही वाट कागदावर असली तरी शाळेने बोलावल्याशिवाय ती उघडत नाही. बी.कॉम. झालेल्या मुलाला १२० तासांच्या कोर्सवर कोरियातली सरकारी शाळा मिळेल असे जो सांगतो, त्याला एक तर हे माहीत नाही किंवा माहीत असून तो बोलत नाही.

इंग्लंडचे तर याहून उलटे आहे. १ फेब्रुवारी २०२३ पासून भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना इंग्लंडची ‘पात्र शिक्षक’ ही मान्यता थेट मागता येते. ही बातमी आली तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये पेढेच वाटायचे बाकी होते. पुढे नियम नीट वाचले. भारतातल्या अर्जदारासाठी विषय ठरवून दिलेले आहेत: ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा शिकवण्याची पात्रता. इंग्रजी त्यात बसत नाही. म्हणजे आमच्या कॉलेजातल्या गणित-विज्ञानाच्या बी.एड. झालेल्या मुलामुलींसाठी ती वाट खरी आहे, आणि त्यांना हे कोणीच फॉरवर्ड करत नाही. त्या मान्यतेच्या अर्जाला फी नाही, हेही कोणी सांगत नाही.

जपानच्या नियमाशी आले की मला खरोखर त्रास होतो. तिथल्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून परकीय भाषा शिकवायची असेल तर व्हिसाच्या नियमांत एक अट आहे: त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षे शिक्षण झालेले असावे. आता आपल्या मुलीचा हिशेब मांडा. पहिली ते दहावी जिल्हा परिषद आणि गावचे हायस्कूल, मराठी माध्यम. अकरावी-बारावीची दोन वर्षे इंग्रजीतून धरली, बी.ए. इंग्रजीची तीन, बी.एड.ची दोन. झाली सात. एम.ए. केले तर नऊ. सेमी-इंग्रजीतले गणित आणि विज्ञान कसे धरायचे हा वेगळा वाद, पण बारा काही सहज भरत नाहीत. त्या मुलीचे इंग्रजी कॉन्व्हेंटच्या मुलीपेक्षा सरस असेल, व्याकरण समजावून सांगण्यात तर ती हमखास सरस असेल, कारण ती स्वतः ते धडपडत शिकली आहे. नियम ते मोजत नाही. मला हा नियम आवडत नाही, पण आहे तो आहे, आणि पैसे भरण्याआधी मुलीला तो कळायला हवा.

हाच नियम पुढे करून काय चालते ते मी जवळून पाहिले. गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. मराठी माध्यमातून शिकलेली, बी.ए. इंग्रजी, बी.एड. प्रथम श्रेणी. सराव पाठाला तिने सहावीच्या वर्गात एक छत्री आणि एक स्टूल घेऊन शब्दयोगी अव्यये शिकवली होती. छत्री स्टुलावर, स्टुलाखाली, स्टुलाशेजारी, आणि शेवटी छत्री उघडून तिच्याखाली पाच मुले. पाठाचे टाचण आजही माझ्याकडे आहे. ती म्हणाली, ‘मॅडम, एजंट म्हणतो बारा वर्षांचा दाखला तो करून देईल, आठ हजारांत. शाळा इंग्रजी माध्यमाची होती असा.’ मी तिला एवढेच विचारले, की दूतावासातल्या माणसाने तुझा दहावीचा निकाल उघडला आणि त्यावर प्रथम भाषा मराठी दिसली तर तू काय सांगशील? ती बराच वेळ काही बोलली नाही. खोटा दाखला पकडला गेला तर व्हिसा जातोच, पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते. एजंटचे नाव त्या कागदावर कुठेच नसते. सही मुलीची असते.

‘१२० तासांचा कोर्स केला की झाले.’ हा कोर्स म्हणजे शिक्षकाचा परवाना नव्हे. काही देशांत, काही योजनांत तो जोडीला मागतात, एवढेच. बहुतेक ऑनलाइन कोर्समध्ये समोर एकही मूल नसते. केंब्रिजचा सेल्टा हा या क्षेत्रातला नावाजलेला कोर्स, त्यातही प्रत्यक्ष वर्गावर शिकवण्याचे सहा तास असतात आणि तेही प्रौढ विद्यार्थ्यांसमोर. आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये किमान २० आठवडे शाळेत जावे लागते. वीस आठवडे खऱ्या मुलांसमोर उभी राहिलेली मुलगी त्या कोर्सच्या पीडीएफपुढे स्वतःला कमी समजते, हे पाहून जीव तुटतो.

‘पगार अडीच लाख.’ अडीच लाख कशाचे, ते मेसेजात लिहिलेले नाही. जपानमध्ये अडीच लाख येन हा साहाय्यक शिक्षकाचा पगार असू शकतो. एका येनला ५५ ते ६० पैसे धरले तर ते दीड लाख रुपयांच्या आतच राहतात. जेट योजनेत पहिल्या वर्षाचे मानधन बरीच वर्षे ३३ लाख ६० हजार येन होते, अलीकडे ते ४० लाख २० हजार झाले. वाईट नाही, चांगलेच आहे. पण त्यातून कर, आरोग्य विमा, पेन्शनचा हप्ता आणि बहुतेक ठिकाणी घरभाडेही जाते. शिवाय तिथल्या अनेक शिक्षण मंडळांना शिक्षक जेटमधून मिळत नाहीत, खाजगी कंपन्या पुरवतात. तिथे पगार कमी असतो आणि शाळेला सुट्टी लागली की काही कंपन्या पगारही कापतात. मोफत घराबद्दल वेगळे काय लिहू? करारात लिहिले असेल तर आहे, नसेल तर नाही.

थायलंडबद्दल थोडक्यात. तिथल्या शाळांत मातृभाषा इंग्रजी नसलेले परदेशी शिक्षक आहेत, फिलिपिनो तर पुष्कळ. पण त्यासाठी नोकरीचा व्हिसा लागतो, वर्क परमिट लागते, शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तिची तात्पुरती परवानगी लागते. ‘आधी पर्यटक म्हणून जा, मग तिथे बदलून घेऊ’ असे कोणी म्हणाले की तिथेच थांबा. पर्यटक म्हणून शिरलेल्याला वर्गात उभे राहण्याचा हक्क नसतो, आणि काही बिनसले तर तक्रार करायलाही तोंड राहत नाही.

आता फीची गोष्ट. ‘एजंटला पैसे द्यावेच लागतात’ हे वाक्य मी शिकल्यासवरल्या पालकांच्या तोंडून ऐकते. जेटचा अर्ज फुकट आहे. आपल्याकडून तो दिल्लीतल्या जपानी दूतावासामार्फत जातो, त्या वर्षी कोणती पदे आहेत ते दूतावासच जाहीर करतो, आणि निवड झालेल्यांचे विमानभाडेही योजनेतूनच मिळते. भारतीयांची संख्या थोडी असते, हेही खरे. एजंट नोंदणीकृत असेल तरी आपल्या कायद्याने त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घ्यायचे असतात. तो नोंदणीकृत आहे का, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत बघता येते.

आणि खऱ्या शाळेत खरी नोकरी मिळाली तरी लूट थांबतेच असे नाही. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात २००७ पासून साडेतीनशेच्या आसपास फिलिपिनो शिक्षक सरकारी शाळांत गेले. शाळा खऱ्या, व्हिसा खरा, पगार खरा. पण भरती करणाऱ्या एजन्सीने प्रत्येकाकडून सुमारे १६,००० डॉलर उकळले, वर दुसऱ्या वर्षाच्या पगारातला वाटा मागितला. नाही म्हटले तर व्हिसाची भीती. ते सगळे शिक्षकच होते, अनुभवी होते, इंग्रजी उत्तम होते. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. पाच वर्षे गेली त्यात.

माझ्या त्याच विद्यार्थिनीकडे आलेले ‘ऑफर लेटर’ मात्र कोरियाचे होते. ते मी मोबाइलवर मोठे करून पाहिले. वर कोरियाच्या शिक्षण मंत्रालयाचे नाव, खाली धूसर शिक्का. ईमेलचा पत्ता जीमेलचा. पगार डॉलरमध्ये, कोरियात पगार वॉनमध्ये मिळतो. शाळेचे नाव नाही, गावाचे नाव नाही. ‘प्रिय उमेदवार’ म्हटले होते, तिचे नावसुद्धा नव्हते. आणि पैसे भरायचे खाते एका व्यक्तीचे, बचत खाते, आपल्याच राज्यातल्या बँक शाखेतले. त्या खात्यावर तिच्या वडिलांचा पहिला हप्ता भरून झाला होता.

ज्यांनी असे पैसे भरले असतील त्यांनी लाज धरून बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला लेखी कळवा, व्यवहाराचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. तिच्या वडिलांनी नऊ दिवस वाट पाहिली, ‘माणूस चांगला बोलत होता’ म्हणून.

ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांनी एजंटकडे जाण्याआधी स्वतःची फाइल तयार करावी. पदवी, बी.एड. आणि गुणपत्रकांचे राज्यातले साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मिळणारा शिक्का, त्याची सरकारी फी कागदामागे ५० रुपये. पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला, ५०० रुपये. शाळेच्या लेटरहेडवर अनुभवाचे पत्र, त्यात इयत्ता, विषय, आठवड्याच्या तासिका लिहिलेल्या हव्यात. विनाअनुदानित शाळेत काढलेली वर्षे इथे उपयोगी पडतात, म्हणून ते पत्र शाळा सोडतानाच घ्यावे, नंतर संस्थाचालक फोन उचलत नाहीत. अमेरिकेच्या शिक्षक देवाणघेवाण व्हिसाला पूर्णवेळ शिकवण्याचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आणि तिथे राहता येते ते ठरावीक मुदतीपुरतेच.

मराठी माध्यमाच्या बी.एड. मुलामुलींना मी सध्या पहिल्यांदा मालदीव सुचवते. तिथे शाळांचे माध्यम इंग्रजी आहे, वरच्या वर्गांना केंब्रिजच्या परीक्षा असतात, आणि जाहिरातीत शिक्षकी पात्रता सरळ मागितलेली असते. बेटे लहान, राजधानी मालेपासून लांब, बोटीवर अवलंबून. एकटेपणा येतो, हे तिथून आलेल्यांनी मला सांगितले आहे, तेही मी मुलींना सांगते.

छत्रीवाल्या मुलीने हे सगळे ऐकून वहीत लिहून घेतले. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पोलिस दाखल्याची तारीख मिळाली होती, अनुभवाच्या पत्रासाठी मुख्याध्यापकांनी तिला तिसऱ्यांदा ‘उद्या या’ म्हटले होते, आणि तिला माझ्याकडून ते जुने टाचण हवे होते, अर्जासोबत जोडायला.