तिसऱ्यांदा ट्रेनी

ताईचा मुलगा औंधच्या आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडला त्याला चार वर्षं झाली. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं गळ्यातलं नवं आयडी कार्ड दाखवलं. कंपनी नवी, चाकणचीच. नावाखालचा शब्द जुनाच: ट्रेनी. ही तिसरी कंपनी. "मामा, मी अजून शिकतोच आहे," म्हणाला आणि हसला. काम मात्र पहिल्या महिन्यापासून लाइनवरचं, शेजारच्या परमनंट माणसाइतकंच.

त्याच आठवड्यात आमच्या भोसरीच्या मित्रांच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटला होता. एक म्हणतो, ८० टक्के स्थानिक घ्यायचं सरकारी धोरण कागदावरच राहिलं. दुसरा म्हणतो, आपल्या पोरांना कष्ट नकोत. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ बसून हे वाचतो आणि गप्प राहतो, कारण मी तर स्वतःच पळालेला. पण नोकरी कुणाला यावर एवढं भांडताना, ती नोकरी कसली, हे कुणी विचारत नाही. राज्य सरकारनं २०२४ मध्ये कार्य प्रशिक्षण योजना आणली. शिक्षणाप्रमाणे महिन्याला सहा, आठ किंवा दहा हजार विद्यावेतन, आधी सहा महिने, मग आणखी पाच. मुदत संपल्यावर काय? मुलं 'कायम करा' म्हणत रस्त्यावर उतरली.

इथे माझ्या शेजारणीचा मुलगा कारखान्यात मेकॅनिक होतोय. साडेतीन वर्षांचा करार. कामाच्या जोडीला ठरलेले दिवस सरकारी व्यवसाय शाळा. करार उद्योग चेंबरकडे, म्हणजे उद्योगांच्या अधिकृत मंडळाकडे, नोंदवलेला असतो आणि शेवटची परीक्षाही चेंबरच घेतं. परीक्षक मंडळात मालकांची माणसं, कामगारांची माणसं आणि शाळेचे शिक्षक. म्हणून तो कागद देशभर चालतो. शिकाऊंच्या किमान भत्त्याची रक्कमसुद्धा २०२० पासून कायद्यानं बांधलेली आहे.

आमच्या ग्रुपवर भोसरीत वर्कशॉप चालवणारा एक मित्र आहे. त्याचं गाऱ्हाणं खरं आहे: "सहा महिने सीएनसी मशीनवर हात बसवायचा, आणि पाचशे रुपये जास्त मिळाले की पोरगं शेजारच्या शेडमध्ये." त्याच्याकडे दहा माणसं. शिकाऊ घेण्याची सक्ती तीस कामगारांपासून पुढे, त्यामुळे त्याच्यावर ती नाहीच. म्हणून आता तो शिकवत नाही, तयार ऑपरेटर उचलतो. शेजारचाही तेच करतो. इथे जर्मनीत चेंबरचं सदस्यत्व सगळ्या उद्योगांना सक्तीचं आहे, अगदी छोटे सोडले तर वर्गणी भरावीच लागते. लहान वर्कशॉपला जे शिकवणं जमत नाही त्यासाठी मुलं काही आठवडे सामायिक कार्यशाळेत जातात. शिकवण्याचा भार एकट्यावर पडत नाही. भोसरीसारख्या, लहान शेडनी खच्चून भरलेल्या वसाहतीला याहून उपयोगी गोष्ट मला दिसत नाही. एमआयडीसीत अशी एक चांगली टूलरूम, वर्गणी सगळ्यांची.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. मी राहतो त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात चौथीनंतरच मुलाची वाट ठरायला लागते आणि स्थलांतरितांची मुलं त्यात मागे पडतात. शिकाऊंच्या जागा रिकाम्या राहतात. म्हणूनच या राज्यानं २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्राशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला. पुण्याला हे सगळं नवंही नाही. चाकणला फोक्सवॅगननं मेकॅट्रॉनिक्सचा, म्हणजे यंत्रं आणि इलेक्ट्रॉनिक्स मिळून, असा अभ्यासक्रम चालवला, मर्सिडीजनं शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर. जागा मोजक्या, एवढंच. पुण्याला जमत नाही, हे मी तरी मान्य करणार नाही.

भाच्यानं आता जर्मनचा क्लास लावलाय. इथे यायचं तर त्याचं शिक्षण आणि अनुभव तपासले जाणार, म्हणून परवा मी त्याच्याकडून कागद मागवले. आयटीआयचं प्रमाणपत्र नीट आहे. बाकी अनुभवाची तीन पत्रं. दोन लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या लेटरहेडवर, एक कंपनीच्या. नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख. काय शिकवलं, ते तिन्हींत कुठेच लिहिलेलं नाही.