‘वायफाय माझं, तर बघायचा हक्कही माझा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

कर्मचाऱ्यांचं इंटरनेट सरसकट बंद करू नका आणि त्यांच्यावर चोरून नजर ठेवू नका, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: भोसरीत तुमचं मशीन शॉप आहे, माणसं कामाच्या वेळात रील्स बघतात. कॉम्प्युटर तुमचा, वायफाय तुमचं, पगार तुम्ही देता. मग दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर कुणाला न सांगता बसवलं तर बिघडलं कुठं? शिवाय माझा लेख म्हणजे हिंजवडीच्या एसी केबिनमधलं तत्त्वज्ञान.

आधी रील्स. चालू लेथपाशी किंवा व्हीएमसीपाशी (धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरचलित मशीनपाशी) फोन नकोच, यात दुमत नाही. तिथे माणसाच्या हाताबोटांचा प्रश्न आहे. गेटपाशी खणांचं कपाट करा, फोन तिथे जमा. मात्र सुपरवायझरच्या केबिनमध्ये एक लँडलाइन ठेवा आणि तिचा नंबर प्रत्येकाच्या घरी पोचू द्या. पाळणाघरातून निरोप आला तर तो आईला लगेच कळायला हवा. ही सोय असली की फोन जमा करायला सहसा कुणी खळखळ करत नाही. आणि या रील्स ऑपरेटर बहुधा स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर बघतात. तुमचा फायरवॉल (कंपनीच्या इंटरनेटवरची ये-जा तपासणारी यंत्रणा) किंवा ते सॉफ्टवेअर तिथे पोचतच नाही.

आता ऑफिसचे पीसी. साधा फायरवॉल कोण कोणत्या साइटवर गेलं एवढं दाखवतो. आतला मजकूर एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद सांकेतिक रूपात असतो. तो वाचायचा तर प्रत्येक पीसीवर स्वतःचं सर्टिफिकेट टाकून एन्क्रिप्शन मध्येच उघडावं लागतं. मग तुमच्या अकाउंटंटनं जेवणाच्या सुट्टीत बँकेचं खातं उघडलं, तर त्याचा पासवर्ड तुमच्या यंत्रणेतून उघडा जाऊ शकतो. स्क्रीनच्या फोटोंचंही तेच: कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, कुणाची शिल्लक, सगळं तुमच्या सर्व्हरवर साठणार. उद्या यातलं काही बाहेर गेलं तर बोट तुमच्याकडेच.

कायदा पूर्णपणे तुमच्या विरोधात आहे, असं मी म्हणत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं कलम ७ नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, म्हणजे गुपितं जपणं, औद्योगिक हेरगिरी रोखणं यासाठी, संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा देतं. पण जमवलेली माहिती नीट सांभाळली नाही तर त्याच कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. जेवढं जास्त गोळा कराल, तेवढं जास्त सांभाळावं लागेल.

‘न सांगता’ या शब्दांवर तर माझा ठाम आक्षेप आहे. रोमानियात बार्बुलेस्कु नावाच्या कर्मचाऱ्याला २००७ मध्ये कंपनीनं कामावरून काढलं. ग्राहकांसाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलत होता. खासगी वापराला मनाई होती, हे त्याला ठाऊक होतं. तरीही ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. आपल्यावर नजर आहे आणि ती किती खोल आहे, हे त्याला आधी सांगितलं होतं का, याची रोमानियातल्या न्यायालयांनी नीट शहानिशाच केली नव्हती. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण कसोटी चोख आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याच वर्षी २४ ऑगस्टला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध आहे, हे मान्य. पण २०२३ चा कायदा खासगी मालकालाही लागू आहे.

तुमच्या प्रतिक्रियेत न आलेला मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. भोसरी-चाकणच्या कितीतरी शॉपमध्ये काम चालतं ते माणसांच्या खासगी व्हॉट्सअपवर. फर्स्ट पीसचा, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या पहिल्या नगाचा, व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) लावलेला फोटो इन्स्पेक्टरच्या फोनवरून जातो. रिजेक्शनचे (नापास झालेल्या नगांचे) फोटो ‘क्वालिटी’ नावाच्या ग्रुपवर पडतात, त्यांच्याच खाली कुणाच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक. रात्री अकराला मॅनेजरचा मेसेज: ‘उद्या पहिल्या शिफ्टला ३०० नग गेले पाहिजेत.’ आणि ग्राहकाचं ड्रॉइंग, पार्ट नंबरसकट, त्याच ग्रुपवर फॉरवर्ड होतं. नोकरी सोडलेला माणूस ग्रुपमधून काढला तरी ड्रॉइंग त्याच्या फोनमध्ये राहतं. रात्री कामासाठी हाच फोन चालतो आणि दिवसा त्याच फोनचा संशय येतो, हे माणसांना लागतं. त्यांनी ते बोलून दाखवलेलं मी ऐकलंय.

म्हणून स्क्रीनचे फोटो काढण्याआधी ड्रॉइंगसाठी कंपनीचा फोन आणि कंपनीचा ईमेल द्या. व्हिडिओमुळे ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) रखडत असेल तर यूट्यूबचा वेग मर्यादित करा, बंद करू नका. मशीनच्या कंट्रोलरवर अलार्म आला की मेंटेनन्सवाला उपाय पहिल्यांदा यूट्यूबवरच शोधतो. ग्राहकाचं नाव, शॉपचा फोटो, ड्रॉइंग यातलं काहीही सोशल मीडियावर जाणार नाही, हा नियम कडक ठेवा. त्यापलीकडे कोण फेसबुकवर कोणत्या नेत्याबद्दल काय लिहितं, त्यात पडू नका.

हे सगळं एका पानावर मराठीत लिहा. काय नोंदलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवतात, तेही त्यात घाला आणि शिफ्ट बदलताना वाचून दाखवा. असा कागद नसताना केलेली कारवाई चौकशीत टिकवणं अवघड जातं.

सॉफ्टवेअरची ऑर्डर अजून दिली नसेल, तर आधी तुमच्या मोठ्या ग्राहकाच्या करारातलं गोपनीयतेचं कलम काढून बघा. ड्रॉइंग कोणत्या मार्गानं पाठवायचं, याबद्दल त्यात काय लिहिलंय ते इथे कळवा. त्यावरून नेमकं काय बसवायचं ते पुढे बोलू.