‘घराचं ऑपरेशन थिएटर झालं’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू सावकाश वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दिवाणखान्यातले आठ हॅलोजन स्पॉट काढून आमच्याकडचे जास्त उजेडाचे एलईडी लावले आणि घराचं ऑपरेशन थिएटर झालं. डिमर (उजेड कमीजास्त करायचं बटण) खाली आणला की दिवे लुकलुकतात. पॅसेजमधला दिवा बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणतो. बाथरूममधला एक सात महिन्यांतच गेला. वीजबिलात फरक दिसला नाही. म्हणून ‘हॅलोजनच बरे होते, एलईडी ही निव्वळ फसवणूक’ आणि दोन तारे. उत्तर इथे सगळ्यांसमोर देतोय, कारण हॅलोजन बदलणाऱ्या बऱ्याच घरांत यातलं काही ना काही घडतं आणि दर वेळी बोल बल्बला लागतो.

आधी उजेडाचं बोलू. तुमचे जुने दिवे ५० वॉटचे होते. तसल्या हॅलोजन स्पॉटचा उजेड साधारण ३५० लुमेन असतो (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). तुम्ही घेतलेला ७ वॉटचा एलईडी ५६० लुमेनचा आहे. आकडा खोक्यावर छापलेला आहे. आठ दिवे मिळून खोलीत आधी २,८०० लुमेन होते, आता ४,४८० झाले. वाढीव उजेड तुम्ही मागितला होता आणि तो मिळाला. पण नुसता उजेड दीडपट झाल्याने खोली ऑपरेशन थिएटरसारखी दिसत नाही. तसं दिसायला लागतं ते मुख्यतः रंगामुळे.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा वाढेल तसा उजेड पांढरा होत जातो. हॅलोजनचा उजेड २,८०० ते ३,००० केल्विनच्या आसपास, म्हणजे पिवळसर. तुम्ही निवडलेले दिवे ४,००० केल्विनचे. काउंटरवर आम्ही ३,००० आणि ४,००० शेजारीशेजारी लावून दाखवतो आणि दहातले आठ जण ४,००० वर बोट ठेवतात. दुकानात भरदिवसा, चारी बाजूंनी उजेड असताना पिवळा दिवा मळकट वाटतो आणि पांढरा स्वच्छ. तोच पांढरा दिवा रात्री क्रीम रंगाच्या भिंती आणि लाकडी फर्निचर असलेल्या खोलीत लावला की पांढराफटक दिसतो. म्हणूनच एक दिवा आधी घरी नेऊन रात्री लावून बघा, असं आम्ही सांगतो. तुम्हालाही सांगितलं होतं. पण वायरमन दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार असल्याने तुम्ही सगळे एकदम नेलेत. माझं मत विचाराल तर बसायच्या खोलीत ३,००० च्या वर जाऊच नये, आणि ज्यांना हॅलोजनची सवय आहे त्यांनी २,७०० घ्यावेत.

भिंतीवरचं चित्र आणि सागवानी कपाट ‘मेल्यासारखं’ दिसतं, असंही तुम्ही लिहिलंय. हे निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि इथे हॅलोजन खरोखरच सरस होता. हॅलोजनमधल्या तापलेल्या तारेच्या उजेडात सगळे रंग सलग असतात, त्यामुळे त्याचा सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) जवळजवळ १००. एलईडीमध्ये मुळात निळा उजेड देणारी चिप असते. तिच्यावरच्या फॉस्फर नावाच्या रसायनाच्या लेपातून त्यातल्या काही निळ्याचा पिवळा होतो आणि दोन्ही मिसळून पांढरा दिसतो. (त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) या मिश्रणात गडद लाल कमी पडतो. सीआरआय ८० असलेल्या दिव्यात लालसर लाकूड, विटकरी रंग आणि माणसाच्या चेहऱ्याची कांती ही सगळ्यात आधी फिकी पडतात. सीआरआय ९० च्या पुढचे दिवे मिळतात. ते तेवढ्याच वॉटला उजेड थोडा कमी देतात. दोन्ही प्रकारचे खोके मी काउंटरवर तुमच्यासमोर ठेवले होते. त्यातला ५६० लुमेनचा तुम्ही घेतलात, ९० सीआरआयचा कमी लुमेनचा राहिला. जास्त लुमेन म्हणजे जास्त चांगला दिवा, हा समज आमच्या धंद्यात सगळ्यांत महाग पडतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. जुन्या हॅलोजनचा झोत साधारण ३६ अंशांचा होता. चित्रावर, टेबलावर, कोपऱ्यातल्या कुंडीवर उजेडाचे वेगळे गोल पडायचे आणि मधली जागा जराशी अंधारी राहायची. नवीन दिव्याचा पसारा ६० अंशांचा आहे. त्यामुळे गोल एकमेकांत मिसळले, सावल्या गेल्या, आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेट चिपचा उजेड जाऊ लागला. डोळे दिपतात ते यामुळे.

आता डिमर. सगळ्यात जास्त वैताग त्याचा दिसतोय, आणि आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वाद त्यावरूनच होतात, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही सोबत टाकलेल्या फोटोत डिमरच्या पट्टीवर ‘६०–४०० वॉट’ वाचता येतं. वरचा आकडा सगळे बघतात, खालचा कोणी बघत नाही. हॅलोजनच्या वेळी भार होता आठ गुणिले ५०, म्हणजे बरोबर ४०० वॉट. आता तो आठ गुणिले ७, म्हणजे ५६ वॉट. त्या डिमरला चालू राहायला निदान ६० लागतात.

असा जुना डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतो. ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा. त्याच्यातला ट्रायॅक (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) एकदा चालू झाला की लाट संपेपर्यंत टिकायला त्यातून ठरावीक प्रवाह वाहावा लागतो. प्रवाह कमी पडला तर तो मधेच बंद होतो, पुढच्या लाटेला पुन्हा लागतो, आणि हे दर वेळी सारखं होत नाही. हॅलोजनची तार लालबुंद तापलेली असायची. क्षणभर वीज तुटली तरी ती विझायची नाही, त्यामुळे डिमरचा हा चंचलपणा दिसतच नव्हता. एलईडीत तशी तार नाही. वीज तुटली की जवळजवळ लगेच उजेड जातो, आणि डोळ्यांना लुकलुक दिसते. दिव्यांतून बारीक गुणगुण येते असं जे तुम्ही लिहिलंय, तेही याच डिमरमुळे.

खात्री करून घ्यायची असेल तर वायरमनला सांगून आठातला एक एलईडी काढा आणि तिथे जुना हॅलोजन परत लावा. भार ९९ वॉट होईल. लुकलुक थांबली तर दोष दिव्यांचा नाही, हे समोरच दिसेल. कायमचा उपाय मात्र डिमर बदलणं हाच. लाटेचा शेवटचा तुकडा कापणारा, म्हणजे ट्रेलिंग एज प्रकारचा, आणि ज्यावर एलईडीची वॉटमर्यादा वेगळी छापलेली आहे असा घ्या. तुमच्या बिलावर दिव्यांच्या ओळीखाली ‘डिमर असल्यास एलईडीचा हवा’ असं लिहून दिलंय. ‘दुकानदाराने सांगितलंच नाही’ हे तुमचं वाक्य त्यामुळे मला मान्य नाही.

डिमर बदलूनही एक फरक राहील, तो आधीच सांगून ठेवतो. हॅलोजन मंद केला की तार थंड व्हायची आणि उजेड केशरी होत जायचा. साधा एलईडी मंद होतो तेव्हा त्याचा रंग तोच राहतो. ४,००० चा दिवा मंद केला की खोली करडी दिसते. मंद होताना पिवळे होत जाणारे एलईडी वेगळे येतात. संध्याकाळी मंद उजेडात बसायची सवय असेल तर तेच घ्या.

पॅसेजमधल्या मिणमिणत्या दिव्याकडे मात्र लवकर लक्ष द्या. बहुतेक वेळा कारण साधं असतं: बटणात अंधारात दिसणारा छोटा लाल इंडिकेटर असतो आणि त्याच्यातून जाणारा अगदी थोडा प्रवाह दिव्यापर्यंत पोचतो. हॅलोजनच्या तारेला तो जाणवायचाही नाही. एलईडीला मात्र एवढाही पुरतो. इंडिकेटर काढला किंवा दिव्याला समांतर छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) लावला की थांबतं. पण दुसरंही कारण असू शकतं. वायरिंग करताना कोणी बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असलं, तरीही दिवा असाच मिणमिणतो. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो. हॅलोजन असताना हा दोष कधी दिसला नसता. वायरमनकडून टेस्टर लावून बघून घ्या, तोवर त्या दिव्याला हात लावू नका.

बाथरूमचा दिवा वॉरंटीत आहे, बदलून देऊ. पण त्याच जागी तसाच लावलात तर तोही टिकणार नाही. ती फिटिंग चारी बाजूंनी बंद काचेची आहे. एलईडी समोरून गरम लागत नाही. त्याची उष्णता मागे बुडाशी साठते, आणि तिथेच त्याचा ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, असतो. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. खोक्यावरचे १५,००० तास मोकळ्या हवेतल्या दिव्याचे असतात. ‘बंद फिटिंगसाठी चालेल’ असं लिहिलेला कमी वॉटचा दिवा तिथे लावा.

वीजबिलाचं गणित छोटं आहे. आठ हॅलोजन रोज पाच तास लावले तर महिन्याला ६० युनिट जातात. हे एलईडी तेवढेच तास लावले तर साडेआठच्याही आत. ५१ युनिट वाचले, पण त्याच महिन्यात गीझर किंवा एसी जास्त चालला असेल तर एकूण बिलात ते दिसणार नाहीत. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशी ताडून बघा.

‘एलईडी ही फसवणूक’ हे म्हणून मला पटत नाही. हॅलोजनच्या वेळी घर एका तारेच्या भोवती बांधलेलं होतं: डिमर तिच्यासाठी, फिटिंग तिच्यासाठी, झोताचा कोनही तिच्यासाठी. बल्ब बदलला आणि बाकी सगळं तसंच राहिलं.

आमच्याकडून काय होईल ते लिहितो. बाथरूमचा दिवा खोक्यासकट आणा, लगेच बदलून मिळेल. दिवाणखान्यातले आठ दिवे वापरलेले आहेत, ते परत घेता येणार नाहीत. कामाच्या टेबलावर, स्वयंपाकघरात किंवा स्टोअररूममध्ये तसेच होल्डर असतील तर तिथे ते उत्तम चालतील. बसायच्या खोलीसाठी २,७०० केल्विन, सीआरआय ९०, ३६ अंशांचा ५ वॉटचा एक दिवा घरी नेऊन बघा. आवडला नाही तर खोक्यात घालून परत द्या, पैसे लागणार नाहीत. मात्र आठ घ्यायचे ठरवलेत तर आधी डिमर बदला, कारण मग भार ४० वॉटवर येईल आणि आत्ताच्या डिमरवर लुकलुक आणखी वाढेल. वायरमन बोर्ड उघडेल तेव्हा डिमरच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवायला सांगा, तो दाखवलात की बसणारा डिमर काढून ठेवतो. मंगळवारी दुकान बंद असतं.

– दुकानमालक