बोअरच्या पाण्यापासून संशोधन कसं वाचवावं

विद्युत-रसायनातून शाश्वत पाणी आणि ऊर्जा, या विषयावर पीएच.डी. करायचं ठरवलं असेल तर अभिनंदन. मराठवाड्यात बसून ‘पाणी’ म्हटलं की सिनॉप्सिसला नाही म्हणायची समितीतल्या कुणाची छाती होत नाही. पथ्य एकच आहे आणि ते व्हायव्हापर्यंत पाळायचं: बोअरचं पाणी प्रयोगशाळेचा उंबरा ओलांडता कामा नये.

प्रस्तावनेत मात्र ते हवं तेवढं येऊ द्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आणणारी जलदूत रेल्वे पहिल्याच परिच्छेदात उभी करा. सुरुवातीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर; पुढे पन्नास वाघिणी. दुसऱ्या परिच्छेदात नांदेड जिल्ह्यातलं किनवट, तिथल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड (जास्त झालं की दात-हाडं बिघडवणारं), आणि भारतीय मानकाची मर्यादा घाला: लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. तिसऱ्या परिच्छेदापासून डिस्टिल्ड वॉटर सुरू करा.

आता कृती. 221 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. लिटरला 100 मिलिग्रॅम फ्लोराइडचं द्रावण तयार झालं. ते दहापट पातळ करा आणि त्याला ‘भूजल’ म्हणा. या भूजलात बायकार्बोनेट नाही, कॅल्शियम नाही, सिलिका नाही. ते इतकं शुद्ध आहे की त्यातून करंटही जात नाही, म्हणून चिमूटभर मीठ टाका. अर्धा लिटर बीकरमध्ये घ्या, पाच सेंटिमीटर लांब-रुंद ॲल्युमिनियमचे दोन पत्रे एक सेंटिमीटर अंतरावर टांगा, क्लिपा लावा, खाली स्टिरर फिरू द्या आणि अर्धा अँपिअर अर्धा तास सोडा. याला इलेक्ट्रोकोॲग्युलेशन म्हणतात. पत्र्यातून ॲल्युमिनियम सुटतं, त्याचा हायड्रॉक्साइड होतो आणि तो फ्लोराइडला धरून खाली बसतो. पद्धत खरोखर चालते, हे कबूल केलं पाहिजे. म्हणून तर ती जपायची.

हिशोब मात्र बीकरपुरताच ठेवा. फॅरेडेच्या नियमाने एक अँपिअर एक तास चालला की सुमारे 0.336 ग्रॅम ॲल्युमिनियम सुटतं. तुमच्या अर्ध्या लिटरमध्ये 84 मिलिग्रॅम उतरलं. हेच हजार लिटरला नेलं तर 168 ग्रॅम पत्रा संपतो, जवळपास अर्धा किलो कोरडा गाळ निघतो, आणि दहा व्होल्ट धरले तर वीज पाच युनिट. ओला गाळ तर जेलीसारखा असतो, त्याच्यापुढे कोरडं वजन काहीच नाही. तो टाकायचा कुठे, असं कुणी विचारलं तर ‘विटांमध्ये वापरता येईल’ असं म्हणा. आजवर सगळ्यांनी हेच म्हटलं आहे.

मोजणीत खरी कला आहे. फ्लोराइडचा इलेक्ट्रोड द्रावणातलं मोकळं फ्लोराइडच मोजतो. ॲल्युमिनियमने धरून ठेवलेलं, पण पाण्यातच विरघळलेलं फ्लोराइड त्याला दिसत नाही. ते सोडवायला टिसॅब नावाचं बफर मिसळावं लागतं. पीएच पाच-साडेपाचला धरून ते ॲल्युमिनियमला बाजूला करतं. टिसॅब महाग आहे, बनवायला वेळ लागतो आणि काढलेला टक्का त्याने कमी दिसतो. तीन कारणं पुरे झाली. रंगाची स्पॅडन्स पद्धत वापरलीत तरी चालेल, तिलाही ॲल्युमिनियम असंच फसवतं. गाळलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम किती उरलं हे मात्र चुकूनही मोजू नका. त्याची मर्यादा लिटरला 0.03 मिलिग्रॅम आहे, फार तर 0.2. फ्लोराइड काढायला गेलो आणि ॲल्युमिनियम पाजून आलो, हा निष्कर्ष कोणत्याच जर्नलला आवडत नाही.

तरीही एखादा विद्यार्थी हौसेने गावाकडून कॅनभर पाणी घेऊन आलाच, तर काय होईल ते आधीच सांगून ठेवतो. फ्लोराइड नीट निघायला पीएच सहा-सातच्या दरम्यान लागतो. बोअरचं पाणी आठच्या आसपास असतं आणि बायकार्बोनेटमुळे हलायला तयार नसतं. अल्कता (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) लिटरला 400 मिलिग्रॅम असेल तर हजार लिटर सहावर आणायला अर्ध्या लिटरच्या जवळपास तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतावं लागतं. तिकडे कॅथोडपाशी हायड्रॉक्साइड तयार होऊन पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर पत्र्यावर बसतो, गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. व्होल्टेज वाढत जातं, करंट तेवढाच. दर काही मिनिटांनी ध्रुव उलटे केले तर थर कमी होतो, पण मग दोन्ही पत्रे झिजतात आणि आधीचा तक्ता जुळत नाही. कॅन परत पाठवा.

तुरटीचा विषय निघू देऊ नका. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत कधीच बसवून दिली आहे: तुरटी, चुना, ढवळणं, निवळणं. तीही काही निर्दोष नाही, तिच्यातही ॲल्युमिनियम मागे राहतं आणि गाळ होतोच. पण तिला लाईट लागत नाही, आणि भारनियमनाच्या भागात हा मुद्दा फार असभ्य ठरतो.

कपॅसिटिव्ह डीआयोनायझेशनकडे, म्हणजे कोळशाच्या इलेक्ट्रोडवर विजेने पाण्यातलं मीठ ओढून घेण्याकडे, वळायचं असेल तर पऱ्हाटी हाताशी आहेच. पऱ्हाटीचा कोळसा, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, नायट्रोजनखाली 800 अंश. ‘शेतकऱ्याच्या कचऱ्यातून’ हे शब्द शीर्षकात घाला. त्यानंतर कोळसा आम्लाने आणि पुढे पीएच सात येईपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा. साध्या डिस्टिलेशन प्लांटला एक लिटर पाण्यामागे दहा-बारा लिटर नळाचं पाणी वाफ थंड करायला लागतं आणि ते मोरीत जातं. पाच ग्रॅम कोळसा धुताना किती टाकी रिकामी झाली हे ‘शाश्वतता’ या उपशीर्षकाखाली येत नाही, काळजी नसावी. असा कोळसा ग्रॅममागे दहा-पंधरा मिलिग्रॅम मीठ धरतो. म्हणजे लिटरमधलं एक ग्रॅम मीठ काढायला शंभर ग्रॅमच्या आसपास कोळसा हवा. तुम्ही लिटरला 250 मिलिग्रॅमच्या पाण्यावर प्रयोग करा. ते पाणी तसंही पिता येतं.

पाण्यात जमलं नाही तर पाणी विजेने फोडून मिळणारा हायड्रोजन आहेच. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला 4 जानेवारी 2023 रोजी मंजुरी मिळाली आणि 19,744 कोटींची तरतूद झाली. प्रस्तावनेचा प्रश्न मिटला. निकेल फोमचा एक चौरस सेंटिमीटर तुकडा इलेक्ट्रोड म्हणून घ्या आणि त्यावर तुमचा कॅटॅलिस्ट (अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) लावा. फोमचं आतलं क्षेत्रफळ कितीतरी पट असतं, पण करंटचा भागाकार एकनेच करायचा. समोर प्लॅटिनमची तार लावा. व्होल्टेज वर-खाली करायच्या सायकल जास्त चालवल्या की तारेतलं प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तुमच्या इलेक्ट्रोडवर येऊन बसतं आणि तुमचा स्वस्त कॅटॅलिस्ट दिवसेंदिवस सुधारत जातो. तारेऐवजी ग्राफाइटची कांडी लावा असं जे सांगतात, त्यांचे पेपर कमी असतात. द्रावणाच्या रोधात वाया जाणारं व्होल्टेज शंभर टक्के वजा करा. ऑक्सिजनच्या बाजूला साधा कॉस्टिक पोटॅश वापरा. त्यातलं लोह निकेलला आपोआप मदत करतं, श्रेय तुमच्या कॅटॅलिस्टच्या रचनेला द्या. एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर शुद्ध पाणी आणि पन्नासच्या वर युनिट लागतात, हे उन्हाळ्यात कुठल्याही सभेत बोलू नका.

मायक्रोबियल फ्यूएल सेलबद्दल, म्हणजे जिवाणूंकडून वीज काढणाऱ्या सेलबद्दल, थोडक्यात: 28 मिलिलीटरच्या सेलमधून अर्धा मिलिवॅट निघाला, तर ‘घनमीटरला 18 वॅट’ असं लिहा.

शेवटचं प्रकरण ‘पुढील संशोधनास वाव’. त्यात एकच वाक्य टाका: प्रत्यक्ष भूजलावर चाचणी करणे आवश्यक आहे. ती तुमच्या गाईडसरांचा पुढचा विद्यार्थी करील. त्याचा सिनॉप्सिस मंजूर झाला आहे आणि सोडियम फ्लोराइडची ऑर्डरही गेली आहे.