थिनर, पत्ती आणि सोलापूरचे ऊन : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कॅम्पर व्हॅनवरील जुने स्टिकर काढण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रोखठोक टीका केली, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : अक्कलकोट रोडवरचा कोणताही पेंटर थिनर आणि पत्ती (पोलादी ब्लेड) घेऊन तासाभरात जे काम उरकतो, त्यासाठी हीट गन (गरम हवा सोडणारे यंत्र), प्लॅस्टिकची पाती, टर्पेंटाइन आणि सलग काही सकाळी खर्ची घालायला सांगणे म्हणजे हौशी मंडळींचे लाड आहेत, सोलापूरच्या उन्हात पत्रा आपोआप तापत असताना हीट गनची गरज नाही, आणि इतके करूनही अक्षरांची छाप उरणारच असेल, तर सरळ पॅनेल रंगवून घ्यावे. शेवटी आपण मागच्या काचेबद्दलही विचारले आहे.

आपण ज्या पेंटरचे उदाहरण दिले त्याच्या हातोटीबद्दल मला शंका नाही. मात्र तो रेडियम, म्हणजेच स्टिकर, काढतो ते बहुधा त्या जागी नवा रंग मारण्यासाठी. पत्तीचे ओरखडे, थिनरने मऊ पडलेला थर, कडेने उचकटलेला पोपडा हे सारे पुढे वॉटर पेपर या घासकागदाखाली घासले जाणार असते आणि गरज पडल्यास पुट्टीखाली झाकलेही जाणार असते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने वेगच महत्त्वाचा ठरतो. माझा लेख आहे तो रंग राखून त्यावरचे स्टिकर काढू पाहणाऱ्यांसाठी होता. दोन्ही कामांची सुरुवात सारखी दिसत असली, तरी एकात रंग खर्ची पडला तर चालतो आणि दुसऱ्यात रंग वाचवणे एवढाच हेतू असतो.

थिनरविषयी मी सरसकट नकार दिला होता असे आपण लिहिले आहे, म्हणून तो मुद्दा अधिक स्पष्ट करतो. गॅरेजमध्ये सर्रास वापरला जाणारा एन.सी. (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचा) थिनर हा टोल्युइनसारखी द्रव्ये, एस्टर, कीटोन आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असतो. गाडीचा रंग हार्डनर मिसळून मारलेला टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) असेल, किंवा कारखान्यातील भट्टीत भाजलेला असेल, तर त्या रंगाचे रेणू एकमेकांत गुंफले गेलेले असतात आणि थिनरचा झटपट फिरवलेला बोळा तो सहसा सहन करतो. बोळा बराच वेळ ठेवल्यास मात्र तोही फुगतो आणि त्याची चमक जाते. याउलट रंग एन.सी. किंवा हार्डनरविना मारलेला साधा ॲक्रिलिक लॅकर असेल, तर तो केवळ द्रावक उडून गेल्यामुळे सुकलेला असतो, आणि जे द्रावक उडाल्याने सुकले ते तेच द्रावक परत मिळताच विरघळते. आपल्या भागात कॅम्पर म्हणून सजवल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या आधी भाविकांच्या फेऱ्या करणाऱ्या प्रवासी व्हॅन होत्या; पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर असे ठसठशीत अक्षरांत लिहिलेल्या त्या गाड्यांचे एखादे तरी पॅनेल कधीतरी, कुठेतरी, मिळेल त्या रंगाने रंगवलेले असते. म्हणूनच दाराच्या आतल्या कडेला नव्हे, तर स्टिकर असलेल्याच पॅनेलच्या खालच्या दुमडीवर पांढऱ्या कापडाने थिनरचा एक हात फिरवून पाहावा. दाराच्या आत कारखान्याचा मूळ रंग असतो आणि तो आपली दिशाभूल करतो. कापडावर रंग उतरला किंवा पृष्ठभाग चिकट झाला, तर त्या पॅनेलपुरता थिनरचा विचार सोडून द्यावा.

पत्तीबद्दल आकडेच पुरेसे बोलके आहेत. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंतच्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. पोलादी पत्तीचा एक कोपरा तिरका बसला की तो थर पार होतो, आणि नखाला लागेल एवढा खोल ओरखडा कंपाउंडने (घासून चकाकी आणणाऱ्या लेपाने) जात नाही. स्टिकर खोडरबरासारखे घासून काढणाऱ्या, ड्रिलला लावायच्या रबरी चकतीची मी शिफारस केली नव्हती ती याच कारणाने. कारखान्याच्या रंगावर ती चांगले काम करते, परंतु पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर घर्षणाची उष्णता रंगच उचलते. काही जण ही चकती हाताशी असलेल्या ग्राइंडरला लावतात, ते तर कोणीच करू नये. या चकत्या साधारण ४,००० फेऱ्यांपर्यंतच्या वेगासाठी बनवलेल्या असतात आणि चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो.

आता उन्हाविषयी. आपला हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो आणि मला तो सर्वांत विचार करायला लावणारा वाटला. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो, गडद रंगाचा पत्रा भर दुपारी ७० अंशांच्याही पुढे तापू शकतो, तेव्हा उष्णता कमी पडते असे कोणी म्हणणार नाही. अडचण उष्णता जास्त होण्याची आहे. स्टिकरची पीव्हीसी फिल्म नरम राहावी म्हणून तिच्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेले असते; वर्षानुवर्षांच्या उन्हाने ते निघून जाते, फिल्म आकसते, कडक होते आणि नख लावताच तिचे तुकडे पडतात. अशी फिल्म थंड असताना मोडते, म्हणून ती तापवायची हे खरे. परंतु तिच्या खालचा ॲक्रिलिक गोंद प्रमाणाबाहेर तापला की त्याची स्वतःची घट्ट पकड सुटते, त्याचे दोन थर होतात, एक फिल्मबरोबर येतो आणि दुसरा रंगावर राहतो. दुपारच्या उन्हात स्टिकर भराभर निघाल्याचे समाधान मिळते, आणि मागे उरलेला गोंद काढण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. शिवाय तापलेल्या पत्र्यावर टर्पेंटाइन मुरण्याआधीच उडून जाते आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग बसतात ते वेगळेच.

म्हणून सकाळची सावली आणि हीट गन. हाताला चटका बसेल पण क्षणभर तळवा टेकवता येईल, म्हणजे साधारण ५० ते ६० अंश, एवढीच ऊब स्टिकरच्या वीतभर भागाला द्यावी, सुटलेले टोक वर न उचलता स्वतःवरच मागे दुमडून पत्र्यालगत ओढावे आणि अगदी सावकाश ओढावे. या गोंदाचा स्वभाव असा की वेगाने ओढल्यास तो अधिक जोराने धरून ठेवतो आणि हळू ओढल्यास कमी जोरात सुटतो. घाई केली की तो वाढीव जोर रंगावर पडतो आणि कच्चा रंग पोपड्यासह वर येतो. एफआरपीच्या (फायबरग्लासच्या) उंच छतावर गन आणखी दूर धरावी, कारण पत्र्याप्रमाणे तिथे उष्णता पसरत नाही, एकाच ठिकाणी साठते.

देवनागरी अक्षरांबाबत एक गोष्ट मूळ लेखात आली नव्हती ती येथे नोंदवतो. बहुतेक जण शिरोरेषेचे टोक धरून ती आडवी ओढतात, कारण तीच सर्वांत लांब आणि सरळ पट्टी असते. मात्र प्रत्येक काना आणि दंड शिरोरेषेला जिथे मिळतो तिथे ओढ काटकोनात वळते आणि कडक झालेली फिल्म नेमकी तिथेच तुटते. शिरोरेषा हातात येते आणि खाली सुटे दंड उरतात. त्याऐवजी दंडांची खालची टोके एकेक करून सोडवत वर न्यावीत आणि शिरोरेषा शेवटी काढावी. काम संथ वाटते, पण शब्द सहसा अखंड निघतो.

उरलेल्या गोंदावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला जुना सोलापुरी टॉवेल काही मिनिटे ठेवून मग प्लॅस्टिकच्या पात्याने सारावे, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. त्याआधी गाडी नीट धुतलेली हवी. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ कापडाखाली राहिली तर कोणतेही द्रावण ओरखडे टाळू शकणार नाही. आपण सुचवलेले रॉकेलही चालते, फक्त त्याचा तेलकटपणा निघायला साबणाचा दुसरा हात द्यावा लागतो.

छाप उरते या आपल्या विधानाशी मी सहमत आहे. स्टिकरखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो आणि सभोवतालचा रंग खडूसारखा भुरा झालेला असतो. पांढऱ्या गाडीवर कंपाउंड आणि पॉलिशने हा भुरकट थर निघून फरक बराच कमी होतो. लाल किंवा निळ्या पट्ट्यांवर रंगद्रव्यच विटलेले असेल तर पॉलिशला मर्यादा आहेत आणि तिथे पॅनेल रंगवण्याचा आपला सल्ला योग्य ठरतो. तसे ठरलेच, तर आधी सिलिकॉनयुक्त पॉलिश लावू नये, अन्यथा नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात; आणि गोंदाची कड घासून सपाट केल्याशिवाय रंग मारल्यास तिरप्या उजेडात गावांची जुनी नावे पुन्हा वाचता येतात. संपूर्ण गाडीचा रंग बदलणार असल्यास आर.सी.वर रंगाची नोंद असते हे ध्यानात ठेवून आरटीओकडे आधी चौकशी करावी. पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या आणि मागे लाल अशा परावर्तक पट्ट्या गाडीवर असतील, तर त्या शोभेच्या स्टिकरांबरोबर खरवडू नयेत. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला त्या नियमाने लागतात.

राहता राहिली मागची काच. ती खरोखर काच असेल, तर तिच्या बाहेरच्या बाजूवर आपली पत्ती आणि आपला थिनर दोन्ही मला मान्य आहेत. पत्ती नवी असावी, काच साबणाच्या पाण्याने ओली असावी आणि थिनर रबरी बीडिंगपर्यंत ओघळू देऊ नये. आतल्या बाजूला डिफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या) तारा असल्यास तिथे पत्ती लावू नये. कॅम्परच्या बाजूच्या खिडक्या मात्र अनेकदा ॲक्रिलिकच्या असतात, नखाने वाजवल्यास त्यांचा आवाज बोदा येतो, आणि त्यांच्यावर थिनर किंवा अल्कोहोल लागल्यास बारीक तडे जातात. तिथे कोमट साबणाचे पाणी, थोडे खोबरेल तेल आणि अंगठा, एवढ्यावरच भागवावे.