हॅमर, जोर आणि पाणी : भिंतीत भोक पाडण्याच्या त्या मेसेजला उत्तर

उन्हाळा तोंडावर आला की नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. कूलर, एक्झॉस्ट पंखा, पडद्यांचे रॉड, सगळी ठोकाठोक याच दिवसांतली, त्यामुळे लोक तो मनावरही घेतात. मेसेज थोडक्यात असा : भिंतीसाठी ड्रिल मशीनचा एकच चांगला बिट (भोक पाडणारी सळी) घ्या, सगळीकडे चालतो. हॅमर (फिरत्या बिटला ठोके देणारी सोय) कायम चालू ठेवा. अंगाचा भार टाकून दाबा. बिट तापला की पाण्यात बुडवा, धूळ उडू नये म्हणून भोकातही पाणी मारा. भोक नेहमी विटांच्या सांध्यात पाडा. भोक सैल झालं तर माचिसच्या काड्या ठोका. खाली अर्थातच ‘प्रत्येक घरात हवी अशी माहिती, पुढे पाठवा’.

पाण्यात बुडवण्याचा भाग सोडला, तर यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या भिंतीला लागू पडतं. म्हणूनच तो मेसेज टिकून आहे. लिहिणाऱ्याने फक्त समोरची भिंत कशाची आहे ते विचारलेलं नाही.

‘एकच बिट सगळीकडे चालतो.’ लोखंडात भोक पाडायचा एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) बिट धारेने कापतो. तो विटेत घातला की वाळूच्या कणांवर घासून धार जाते आणि तो लोखंडाच्याही कामाचा राहत नाही. भिंतीचा बिट मुळात कापतच नाही. त्याच्या टोकाला खाच असते आणि तिच्यात टंगस्टन कार्बाइडची चपटी टिकली डाखलेली असते. टोकावरून नख खाली ओढून बघा, टिकलीच्या दोन्ही कडा दांड्याच्या किंचित बाहेर आलेल्या लागतील. ही टिकली विटेचा चुरा करते आणि अंगावरच्या पिळातून तो चुरा बाहेर पडतो. इतवारीच्या बाजारात ‘विडियाचा द्या’ (विडिया म्हणजे कार्बाइडचं बाजारातलं नाव) म्हटलं की दुकानदार हाच काढून देतो. टाइलला मात्र हाही नको. तिथे भाल्याच्या टोकाचा काच-टाइलचा बिट लागतो, फरशी कडक विट्रिफाइड असेल तर डायमंडचा. टाइल पार झाली की मग भिंतीचा बिट लावायचा.

आता भिंतीकडे येऊ, कारण खरी गोम तिथेच आहे. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत पातळ विटा चुन्यात बसवलेल्या सापडतात. त्यानंतरच्या लेआउटमधल्या घरांत लाल वीट आणि सिमेंटची जुडाई. अलीकडच्या बांधकामात राखेची वीट सर्रास दिसते. कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक केंद्रं शहराला लागून आहेत, मौद्याचंही फार लांब नाही, आणि केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेने अशा केंद्रांच्या ५० किलोमीटर परिसरात बांधकामाच्या मालात राख वापरणं बंधनकारक केलं. पुढे ते अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटरवर गेलं. उंच इमारतींच्या आतल्या भिंतींत एएसी (सिमेंटचे हलके, सच्छिद्र) ब्लॉक असतात. आणि स्लॅबच्या कुठल्याही घरात या सगळ्यांच्या मधून काँक्रीटचे कॉलम-बीम गेलेले असतात, वरून छपाई (प्लास्टर) आणि पुट्टी एकसारखीच. नुसत्या भाजलेल्या विटेचं बघा : भारतीय मानकात तिचे वर्ग दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटनपासून ३५ न्यूटनपर्यंत आहेत. म्हणजे ‘वीट’ म्हणून जी समोर येते तिच्या मजबुतीत दहापट फरक असू शकतो. एकच बिट, एकच जोर आणि एकच प्लग (भोकात बसवून स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी) या सगळ्यांना कसा पुरेल?

आतलं काय आहे ते बिटच सांगतो, फक्त धुळीकडे लक्ष हवं. आधी पुट्टीची पांढरी भुकटी, मग छपाईची करडी वाळू. आतल्या बाजूला छपाई साधारण १२ ते १५ मिलिमीटर असते. त्यानंतर तांबडी धूळ आली तर लाल वीट. पांढरट, हलकी भुकटी आली आणि बिट लोण्यात शिरावा तसा आत गेला, तर एएसी. करडीच धूळ येत राहिली तर दोन शक्यता उरतात : राखेची वीट किंवा काँक्रीट. राखेच्या विटेत बिट सावकाश का होईना पुढे सरकत राहतो. काँक्रीटमध्ये तो जागच्या जागी गुरगुरतो, मध्ये गिट्टीचा खडा लागला की हाताला धक्का बसतो. आमच्याकडचा इलेक्ट्रिशियन दोन सेकंद मशीन चालवतो आणि बाजूला होतो, ‘हे तं कॉलम आहे भाऊ, थोडं सरका.’ आणि बिट एकदम अडून ठिणगी दिसली तर ती सळई. तिच्यावर जोर काढला तर टिकलीचा कोपरा उडतो. भोक बोटभर बाजूला घेणं केव्हाही स्वस्त.

‘हॅमर कायम चालू ठेवा.’ हा सल्ला काँक्रीटमधून उचललाय. तिथे हॅमरशिवाय गत्यंतर नाही. पण साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून मिनिटाला चाळीसेक हजार बारीक ठोके देतात आणि रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबाने पिस्टन धावतो. त्याचे ठोके चार-पाच हजारच, पण एकेक दणका कितीतरी जड. नरम विटेला यातलं काहीच सोसत नाही. चुन्याच्या जुडाईत तर अख्खी वीट हलते आणि शेजारच्या खोलीत छपाईचा पोपडा पडतो. एएसीमध्ये हॅमर लावला तर ८ मिलिमीटरचं भोक १० चं होतं आणि प्लग बोटाने ढकलला तरी आत जातो. मग दोष प्लगवर. टाइलवर हॅमर लावला तर काय होतं ते सांगायची गरज नाही. साधा क्रम असा : हॅमर बंद ठेवून, कमी वेगात सुरुवात करा. छपाई पार झाली, धूळ बघितली, बिट पुढे जात नाही असं दिसलं, की मग खटका हॅमरवर. पक्क्या भाजलेल्या विटेला तो लागेलच. दळभद्री विटेला लागणार नाही.

जोराचा मुद्दा थोडक्यात संपतो. इम्पॅक्ट ड्रिलला चकत्या एकमेकींना भिडण्याइतका दाब द्यावा लागतो, रोटरी हॅमरला तेवढाही नाही, आणि त्याहून जास्त दाबलं तर ठोके दबतात. दर दोन सेंटिमीटरला बिट फिरता ठेवूनच बाहेर ओढा, चुरा झटकू द्या. अडकलेल्या चुऱ्यामुळेच तो तापतो आणि माणसाला वाटतं की आपला जोर कमी पडतोय.

‘बिट तापला की पाण्यात बुडवा.’ हे वाक्य मेसेजमधून पुसून टाका. कार्बाइड आणि पोलाद एकाच प्रमाणात फुगत-आक्रसत नाहीत. पोलाद जवळपास दुप्पट. लालभडक टोक पाण्यात गेलं की टिकलीला तडा जातो किंवा डाख सुटतो, आणि पुढच्या भोकात ती टिकली भिंतीतच राहते. तापला तर थांबा, हवेत निवू द्या. मे महिन्यात तेवढाच तुम्हालाही दम. भोकात पाणी मारण्याने तर धुळीचा चिखल होतो, पिळात बसतो आणि प्लगला धरायला कोरडी भिंत उरत नाही. शिवाय हातात २३० व्होल्टचं मशीन आहे. पाणी लागतं ते डायमंड बिटला, टाइल किंवा ग्रॅनाइट कापताना, तेही हॅमर बंद ठेवून आणि मशीनमध्ये शिरणार नाही अशा बेताने. धुळीची काळजी मात्र रास्त आहे. वीट, वाळू, राख सगळ्यांत सिलिका असते, आणि हवेतून फुप्फुसात जाणाऱ्या स्फटिक सिलिकाला कर्करोगकारक म्हणून १९९७ मध्येच जागतिक यादीत टाकलेलं आहे. नाकाला चांगला मास्क लावा आणि दुसऱ्या कुणाला भोकाखाली व्हॅक्यूमची नळी धरायला सांगा. रुमाल बांधून भागत नाही.

‘भोक नेहमी सांध्यात पाडा.’ उघड्या विटांची भिंत असेल आणि हलकी फ्रेम टांगायची असेल, तर हे बरोबर आहे. उद्या फ्रेम काढली की सांधा भरता येतो, फुटलेली वीट बदलता येत नाही. वजन पेलायचं असेल तर उलट. सांध्यातला मसाला बहुतेक वेळा विटेपेक्षा कच्चा, आणि जेमतेम १० मिलिमीटर जाड. त्यात ८ चं भोक पाडलं तर प्लग फुगायला आजूबाजूला उरतं काय? प्लगची जागा विटेच्या पोटात, कडेपासून लांब. छपाईच्या भिंतीत सांधा मुळात दिसतच नाही, त्यामुळे हा सल्ला पाळायचा तरी कसा, हे मेसेजवाल्यालाच ठाऊक. त्यापेक्षा स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक टाळा, असं लिहिलं असतं तर कुणाचा तरी जीव वाचला असता. वायरचा पाइप त्याच रेषेत असतो.

राहिल्या माचिसच्या काड्या. कॅलेंडरच्या खिळ्याला चालतील. बाकी ठिकाणी काडी सुकते, दबते आणि स्क्रू महिन्याभरात डुलायला लागतो. प्लगवर ८ लिहिलं असेल तर बिटही ८ चा, भोक प्लगच्या लांबीपेक्षा साधारण एक सेंटिमीटर खोल, आणि आतली धूळ फुंकून काढलेली. प्लग छपाईच्या आत, विटेत बसायला हवा. २५ मिलिमीटरच्या प्लगचा अर्धा भाग छपाईतच अडकतो, म्हणून निदान ५० चा घ्या. भोक सैल झालंच तर पुढच्या मापाचा प्लग. तोही बसत नसेल तर भोक सिमेंटने भरा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाडा. एएसीला त्याचे वेगळे प्लग मिळतात, तेच वापरा. एसीच्या ब्रॅकेटला लोक सरसकट लोखंडी अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगणारा बोल्ट) ठोकतात. काँक्रीटमध्ये तो उत्तम, पण विटेत तो घट्ट आवळला की वीट आतून चिरते. तिथे लांब फ्रेम प्लग किंवा रेझिनने चिकटवायचा केमिकल अँकर हवा.

आणि कूलर. ६० लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन ६० किलो. वर पत्रा, मोटर, भिजलेल्या गवताच्या पट्ट्या, आणि दिवसरात्र थरथर. राखेच्या विटेच्या किंवा एएसीच्या भिंतीवर हे प्लगच्या भरवशावर टांगू नका, बिट कितीही चांगला असो. खाली पाय असलेला स्टँड घ्या, आणि भिंतीतले स्क्रू तो पुढे कलू नये एवढ्यापुरतेच ठेवा.